मावळ्याची पारख

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दिवाळीच्या सुट्टीत घरांच्या अंगणात, गच्चीवर आणि मंडळांच्या मोकळ्या जागेत मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांच्या उतारांवर आळीव किंवा मोहरी पेरली जाते आणि माती हिरवी दिसू लागली की बुरुजांवर मावळे मांडले जातात. शाडूची माती, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि अलीकडे प्लास्टिक व फायबर अशा वेगवेगळ्या पदार्थांपासून बनलेल्या या लहान मूर्ती कुंभारांच्या आळीत, बाजारपेठेतील पथाऱ्यांवर आणि खेळण्यांच्या दुकानांत नगावर किंवा संचाने विकल्या जातात. किल्ल्याची रचना बरोबर आहे की नाही, यावर घरातील वडीलधाऱ्यांपासून स्पर्धेच्या परीक्षकांपर्यंत सर्वजण बारकाईने बोलतात; मात्र त्यावर उभा असलेला शिपाई कोणत्या काळातला, त्याच्या हातात काय आहे, ते त्याने नीट धरले आहे का आणि त्या गडावर त्याचे काम कोणते, याची चौकशी क्वचितच होते. ती व्हायला हवी, कारण सतराव्या शतकातील सैन्याविषयी मुलाच्या मनात ठसणारे पहिले चित्र पुष्कळदा या बोटभर मूर्तीतूनच तयार होते.

खेळण्यातील सैनिकांची चिकित्सा करण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत आणली. त्यामुळे धातू कमी लागून किंमत उतरली आणि ५४ मिलिमीटर ही शिपायाची उंची प्रमाण म्हणून रूढ झाली. अमेरिकेत १९३८ पासून प्लास्टिकचे सैनिक निघू लागले, ब्रिटनमध्ये एअरफिक्सने १९५९ पासून सुमारे २४ मिलिमीटर उंचीच्या शिपायांचे संच विकायला सुरुवात केली आणि शिसे विषारी असल्याने ते खेळण्यांतून हळूहळू हद्दपार झाले. या संचांवर वाढलेल्या पिढ्यांनी पारखीचे दोन वेगळे प्रश्न ठरवले. पहिला अचूकतेचा, म्हणजे मूर्ती ज्या सैनिकाची म्हणवते त्याच्याशी ती किती जुळते; दुसरा गुणवत्तेचा, म्हणजे पदार्थ, साचा आणि रंगकाम कसे आहे. हे दोन्ही गुण एकत्र असतीलच असे नाही. अत्यंत सफाईदार मूर्तीच्या हाती भलत्याच शतकातील बंदूक असू शकते आणि ओबडधोबड शाडूच्या मूर्तीत शिपायाचा पवित्रा अगदी खरा उतरलेला असू शकतो.

पारखीचे पहिले साधन म्हणजे फूटपट्टी. एखादी मूर्ती मूळ वस्तूच्या किती पट लहान आहे, त्या प्रमाणाला स्केल म्हणतात. सुमारे १७३ सेंटिमीटर उंचीचा माणूस ५४ मिलिमीटरचा केला, तर तो मूळच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढा होतो, म्हणून हे प्रमाण १:३२ असे लिहिले जाते. एकदा हे प्रमाण कळले की संचातील इतर वस्तू तपासणे सोपे होते. भीमा खोऱ्यातील भीमथडी तट्टांसारखा दख्खनी घोडा खांद्याशी साधारण १३० ते १४० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे ५४ मिलिमीटरच्या शिपायाशेजारी त्याचा खांदा ४१ ते ४४ मिलिमीटरवर यायला हवा. बाजारातील पुष्कळ संचांत घोड्याचा खांदा शिपायाच्या डोक्याला लागतो. असा घोडा मूळ मापात १७० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि तो युरोपातील जड रिसाल्याचा घोडा ठरतो. डोंगरवाटांवर चपळपणे चालणारी आणि थोड्या चाऱ्यावर टिकणारी लहान चणीची तट्टे हे मराठी फौजेच्या हालचालीचे एक मोठे बळ होते, त्यामुळे घोड्याची उंची चुकली की त्या फौजेच्या युद्धपद्धतीचे चित्रही चुकते.

हेच गणित किल्ल्याला लावले तर मात्र ते फार काळ टिकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सातारा शहराच्या डोक्यावर उभा असलेला अजिंक्यतारा पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. शिपायाच्याच प्रमाणात तो डोंगर करायचा तर नऊ मीटरहून उंच मातीचा ढीग लागेल. म्हणजे डोंगर आणि माणूस अंगणात एका मापात बसणे शक्यच नाही, आणि जुन्या चित्रांत माणूस मोठा व गड लहान काढतात तशी तडजोड इथे करावीच लागते. दरवाजा आणि तट मात्र या सवलतीत येत नाहीत. चार मीटर उंचीचा दरवाजा १:३२ प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचा होतो, आणि दहा मीटरचा तट ३१ सेंटिमीटरचा. शिपाई वाकूनही आत जाऊ शकणार नाही असा दरवाजा आणि त्याच्या गुडघ्याएवढा तट असेल, तर मूर्ती कितीही चांगल्या असल्या तरी मांडणी फसते. अशा वेळी दरवाजाजवळ मोठे आणि वरच्या माचीवर लहान मावळे ठेवले, तर डोळ्याला अंतराचा भास होतो आणि विसंगती बरीच झाकली जाते.

पोशाख आणि शस्त्रे यांची पारख अधिक कठीण आहे, कारण सामान्य मावळ्याचे समकालीन चित्र जवळजवळ मिळत नाही. खुद्द शिवाजी महाराजांच्या चित्राबाबतही दीर्घकाळ घोळ होता. इब्राहिम खान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून खरे चित्र शोधून काढल्यावर तो दूर झाला. महाराजांची जी सतराव्या शतकातील दख्खनी शैलीची चित्रे आज युरोपातील संग्रहालयांत आहेत, त्यांत अंगावर जामा, कमरेला शेला आणि डोक्यावर पागोट्याच्या घडणीचे शिरोभूषण दिसते. खेळण्यांत सर्रास दिसणारा उंच टोकदार टोप हा प्रामुख्याने नंतरच्या चित्रकारांचा, रंगभूमीचा आणि चित्रपटांचा वारसा आहे. शिपायांबाबत एवढे निश्चित म्हणता येते की आजच्या अर्थाने सर्वांना एकसारखा गणवेश देण्याची पद्धत तेव्हा नव्हती. मुंडासे, अंगरखा किंवा बंडी, चोळणा आणि कमरेला आवळून बांधलेला पटका हा वेष साधारण सारखा असला, तरी कापड, रंग आणि बांधणी ज्याच्या त्याच्या ऐपतीची. वीसच्या वीस मावळे एकाच केशरी रंगात बुडवून काढलेला संच म्हणूनच संशयास्पद मानावा. पांढरट, मातकट, फिकट तांबडे आणि निळसर असे रंग मिसळलेला संच अधिक विश्वासार्ह असतो.

शस्त्रे पाहताना ती कोणती आहेत यापेक्षा ती कशी धरली आहेत, हे आधी पाहावे. पट्टा या शस्त्राची मूठ म्हणजे कोपराच्या दिशेने गेलेले पोलादी आवरण असते; हात त्यात घालून आतील आडवी पकड धरली की पाते आणि कोपरापासूनचा हात एका सरळ रेषेत येतात. मनगट वाकवून तलवारीसारखा पट्टा धरलेला मावळा घडवणाऱ्याने ते शस्त्र कधी पाहिलेले नसावे. ढालीचीही एक खूण आहे. कातड्याच्या गोल ढालीवर बाहेरून धातूची बहुधा चार फुले दिसतात आणि ती केवळ शोभेची नसतात. आतील बाजूला हात अडकवण्याच्या कड्या याच फुलांच्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात. मधोमध एकच मोठा उंचवटा असलेली ढाल बहुधा युरोपीय शूरवीराच्या साच्यावरून आलेली असते. बंदुकीच्या बाबतीत तर सर्वांत ढोबळ चुका होतात. शिवकाळातील बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीने बत्ती देण्याची असे. तिचा दस्ता सडपातळ व जवळजवळ सरळ असून शिपायाजवळ दारूची शिंगडी, गोळ्यांची पिशवी आणि धुमसता तोडा असायलाच हवा. रुंद दस्त्याची, खाली पट्टा लोंबणारी रायफल खांद्याला लावलेला मावळा दोनशे वर्षांहून अधिक पुढचा आहे. एका गुडघ्यावर बसून नेम धरलेली आधुनिक पायदळाची मूर्ती घ्यायची आणि तिच्या शिरस्त्राणाच्या जागी पागोटे कोरायचे, असा साच्याचा फेरवापर यामागे दिसतो, आणि तो ओळखण्यासाठी पाय पाहावेत, कारण पागोटे बदलले तरी जाडजूड बूट तसेच राहतात.

खऱ्या शस्त्रांशी तुलना करण्याची सोय सातारकरांना घराजवळ आहे. शहरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तलवारी, ढाली आणि इतर मराठाकालीन वस्तू पाहता येतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आलेली वाघनखे १९ जुलै २०२४ रोजी याच संग्रहालयात प्रदर्शनासाठी खुली झाली, तेव्हा तिथे मोठी गर्दी लोटली होती. साताऱ्यात १८१८ ते १८२२ या काळात कंपनी सरकारचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ही वाघनखे होती आणि त्याच्या वंशजांकडून ती लंडनच्या संग्रहालयात गेली. ती अफझलखानाच्या भेटीच्या वेळी वापरलेलीच आहेत का, याची खात्री करणे शक्य झालेले नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. माहितीतील पक्के किती आणि परंपरेने चालत आलेले किती, हे उघड सांगण्याची ही शिस्त खेळण्याच्या खोक्यावरही यावी. संचासोबत एक कागद असावा आणि त्यावर शिपाई कोणत्या काळातील आहे, शस्त्र कोणत्या नमुन्यावरून घेतले आहे आणि पोशाखाचा कोणता भाग केवळ अंदाजाने केला आहे, हे चार ओळींत लिहिलेले असावे. असा कागद देणारा उत्पादक त्याच्या मालाचा आणि मुलांचा, दोघांचाही मान राखतो.

काही दोष मात्र घडवणाऱ्याच्या अज्ञानाचे नसून पदार्थाच्या मर्यादेचे असतात आणि ते वेगळे काढल्याशिवाय न्याय्य पारख होत नाही. भाल्याचा दांडा तीन सेंटिमीटर जाड धरला, तर १:३२ प्रमाणात तो एक मिलिमीटरपेक्षाही बारीक होतो आणि प्लास्टरमध्ये साच्यातून निघतानाच मोडतो. तलवारीचे पाते प्रमाणशीर पातळ करायचे, तर कागदासारखे करावे लागेल. म्हणून दोन-तीन मिलिमीटर जाडीचा भाला आणि जाड पात्याची तलवार क्षम्य आहे. शिवाय खेळण्याला टोचणारे टोक नसावे, असा सुरक्षिततेचा नियम असल्याने भाल्याचे फळ बोथट ठेवणे हे कर्तव्यच ठरते. दोन भागांच्या साच्याची अडचण आणखी वेगळी आहे. समोरचा आणि मागचा अशा दोन अर्ध्या साच्यांत मूर्ती घडते, त्यामुळे साचा उघडताना अडकेल असा कोणताही आतला खोलगट भाग ठेवता येत नाही. हात छातीला चिकटलेले, तलवार खांद्याला टेकलेली आणि दोन पायांमधली जागा भरलेली दिसते ती यामुळेच. हुशार कारागीर ही मर्यादा पवित्र्यातच जिरवतो. तो मावळ्याला दोन्ही हात भाल्यावर टेकवून उभा करतो किंवा ढाल छातीशी धरायला लावतो, आणि चिकटलेला हात मग पहाऱ्यावरच्या माणसाचा स्वाभाविक हात वाटतो. प्लास्टिकच्या संचांत अडचण खर्चाची असते. वितळलेले प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात भरण्याच्या पद्धतीला इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. तो साचा महाग पडतो, त्यामुळे उत्पादक तीन-चार पवित्र्यांवर भागवतो आणि कुठल्याही किल्ल्यावर खपेल असा सर्वसाधारण शिपाई काढतो.

नेमके इथेच अचूकतेचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निसटतो. गड हे केवळ लढणाऱ्यांचे ठिकाण नव्हते. तिथे प्रत्येकाला नेमून दिलेले काम होते. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत ही रचना सविस्तर येते. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी असत. पायदळात थोड्या शिपायांवर नाईक, त्यांवर हवालदार, जुमलेदार आणि हजारी अशी चढती साखळी असे. घोडदळात सरकारी घोडा व शस्त्रे मिळणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे कातडी पखालीतून पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद नेमलेला असे. बाजारातील संचांत पखालजी मिळत नाही, नालबंदही मिळत नाही आणि हिशेब लिहिणारा सबनीस तर मुळीच नाही. सगळेच तलवार उपसून धावत सुटलेले असतात. रात्रंदिवस तलवार उपसून धावणाऱ्या माणसांनी गड राखला जात नाही, आणि तो प्रत्यक्षात कसा राखला जाई याचे उत्तर त्या न मिळणाऱ्या मूर्तींत आहे.

साताऱ्याच्या किल्ल्याचेच उदाहरण घेता येते. १६९९ च्या डिसेंबरमध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि प्रयागजी प्रभू यांनी तो १७०० च्या एप्रिलपर्यंत लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर काढले गेले, असे ग्रँट डफने लिहिले आहे, तर पुढच्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला ढासळून त्याखाली मोगलांचीच मोठी फौज चिरडली गेली. हा वेढा अंगणात मांडायचा तर तटावरून धोंडे लोटणारे गडकरी, तोफेला बत्ती देणारा गोलंदाज, आणि खाली कुदळ-पहार घेऊन सुरुंग खणणारे मोगली बेलदार, अशा मूर्ती लागतील. मोठा धोंडा दोन्ही हातांनी ढकलणारा, पाय रोवून उभा असलेला गडकरी दोन भागांच्या साच्यात सहज घडू शकतो, कारण त्याचे हात धोंड्यालाच चिकटलेले असतात. तरीही असा मावळा दुकानात शोधूनही सापडत नाही.

सांगलीकडे वळले की काळाचा प्रश्न अधिक ठळक होतो. खानापूर तालुक्यातील बाणूरगड ऊर्फ भूपाळगड मांडणाऱ्या मुलाला शिवकाळाचा संच योग्य आहे, कारण १६७९ मध्ये दिलेरखानाने तो घेतला तेव्हा तिथे फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होते. वाळवा तालुक्यातील मच्छिंद्रगडालाही तोच संच शोभतो. पण सांगली शहरातील गणेशदुर्ग हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर खंदकासह बांधलेला किल्ला, चिंतामणराव पटवर्धनांच्या काळातला आहे आणि त्यांची सांगली जहागीर १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळी झाली. तोपर्यंत मराठी फौजांत चकमकीची बंदूक आणि कवायती पायदळ, म्हणजे रांगेत उभे राहून हुकुमाबरोबर बार काढणारे गारदी, येऊन बराच काळ लोटला होता. गणेशदुर्गावर पट्टा फिरवणारे शिवकालीन मावळे उभे करणे ही सव्वाशे वर्षांची चूक होते. पटवर्धनी सैन्याचा संच कोणी काढत नाही, आणि घाटमाथ्यावरचा डोंगरी किल्ला सोडून घरासमोरचा भुईकोट मांडू पाहणारे सांगली-मिरजेचे मूल त्यामुळे उपेक्षितच राहते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने प्रतापगडासह बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवल्यानंतर किल्ल्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे. स्थानिक किल्ल्यांसाठी स्थानिक काळाचे संच निघण्याला यापेक्षा चांगली वेळ नाही.

गुणवत्तेची तपासणी त्यामानाने थोडक्यात सांगता येते. प्लास्टिकची मूर्ती हाती घेऊन तिच्या कडेने बोट फिरवावे; दोन साच्यांच्या जोडाची बारीक रेघ प्रत्येक मूर्तीवर असतेच, पण ती चेहऱ्यावरून जात असेल किंवा कडेला पापुद्रा सुटलेला असेल, तर साचा झिजलेला आहे. बोटे अर्धवट असणे म्हणजे साच्यात माल पुरता पोहोचला नाही, आणि पाठीवर किंवा घोड्याच्या पोटावर खळगी पडणे म्हणजे जाड भाग थंड होताना आकसला. मऊ पॉलिथिनचा वाकलेला भाला गरम पाण्यात धरून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा, म्हणजे तो तसाच राहतो. याच मऊ प्लास्टिकवर रंग मात्र नीट धरत नाही आणि दोन दिवाळ्यांत पोपडे निघतात. प्लास्टरची मूर्ती मानेत आणि मनगटात मोडते, म्हणून आत तार घातलेली आहे का हे विचारावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि त्यामागील मानकांत रंगातील शिशासारख्या घातक धातूंवर मर्यादा आहेत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट असल्याने त्यांच्याकडून घेताना रंग कोणता वापरला, याची चौकशी ग्राहकानेच करायची असते.

शाडूची मूर्ती या सगळ्यांत नाजूक असली, तरी तिचा एक गुण दुसऱ्या कशातही नाही. ती घरी घडवता येते, आणि जो शिपाई दुकानात मिळत नाही तो त्यामुळे गडावर येऊ शकतो. पखालजी करायचा तर ५४ मिलिमीटर उंचीचा तारेचा सांगाडा वाकवून त्यावर मळलेली शाडू चढवावी, कंबर थोडी पुढे झुकलेली ठेवावी, कारण भरलेल्या पखालीचे ओझे पाठीवर असते, आणि पखाल बैलावर घालायची असेल तर तिचे दोन भाग बैलाच्या दोन्ही कुशींवर सारखे लोंबतील असे करावेत. सावलीत तीन-चार दिवस वाळू द्यावे, उन्हात ठेवल्यास तडे जातात. मग त्याला टाक्याजवळच्या वाटेवर उभे करावे, म्हणजे किल्ल्यावर पाणी कुठे आहे, हाही प्रश्न मांडणाऱ्याला आधी सोडवावा लागतो.